बालाघाट उतरताना

सह्याद्रीत फिरायची सवय असलेल्या माणसाला बालाघाट आधी चकवतो. परळीहून निघालेली गाडी घाट चढून अंबाजोगाईकडे येते, आणि वर पोचल्यावर पाहावं तर पुन्हा सपाटच. सोयाबीन, तूर, मधूनच कपाशी, बांधावर बाभळी आणि हिवर. सुळका नाही, बालेकिल्ला नाही. मग चढायचं काय? या मुलखात चालणाऱ्याने चढ शोधायचा नाही, उतार शोधायचा. पठाराला जिथे खाच पडलेली असते तिथून एखादी पाऊलवाट खाली सुटते. वाट सोपी असते, लहान मुलं आणि साठी ओलांडलेली माणसंही सहज उतरतील अशी. तिच्या तळाशी बहुतेक वेळा एक देऊळ, एक समाधी किंवा एखादं लेणं असतं.

याचं कारण पाण्यात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचं हे पठार झालं. काही थर कठीण, काही सच्छिद्र. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून मुरतो, कठीण थराला अडतो आणि आडवा वाहत दरीच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर येतो. माथा कोरडा आणि खाच ओली. मराठवाड्याचा हा भाग पर्जन्यछायेतला. त्यामुळे साधू असो, सरदार असो की गुराखी, ज्याला टिकून राहायचं होतं तो खाचेकडेच वळला.

अंबाजोगाईत चालायला सुरुवात करावी ती योगेश्वरीच्या देवळापासून. देवी मराठवाड्यातली, पण कोकणातल्या अनेक घराण्यांची, विशेषतः चित्पावनांची, ती कुलस्वामिनी. लग्न झालं, मूल झालं, की समुद्राकाठची माणसं सह्याद्री ओलांडून इतक्या लांब ओटी भरायला येतात. लोककथा सांगते की देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं होतं. मुहूर्त टळला आणि वऱ्हाडाचे दगड झाले. ते वऱ्हाड पाहायचं तर जयंती नदीच्या काठी हत्तीखान्यावर जायचं. गावकरी हत्तीखाना म्हणतात ते मुळात खडकात खोदलेलं शैव लेणं आहे. लेणं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वेरूळ-अजिंठ्याचा कडा येतो. इथे मात्र जमिनीच्या पातळीवरून खाली उतरावं लागतं. खोदलेल्या अंगणात दगडी हत्ती उभे आहेत आणि मागे खांबांच्या रांगांचा प्रशस्त मंडप. कथा ऐकून आलेल्याला ते हत्ती वरातीतलेच वाटतात, यात नवल नाही.

गावातच सकलेश्वराचं देऊळ आहे, खांबांवरून ‘बाराखांबी’ म्हणून ओळखलं जाणारं. देवगिरीच्या सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर याचं नाव या गावाशी जोडलेलं आहे. इथल्या शिलालेखांतून त्याच्या घरची हकीकत कळते. खोलेश्वराचा मुलगा राम गुजरातच्या मोहिमेवर गेला, नर्मदेपलीकडच्या लढाईत पडला. त्याच्या स्मरणार्थ त्याची बहीण लक्ष्मी हिने देऊळ बांधलं. लेख १२४० सालचा आहे. यादवांच्या लढायांच्या सनावळ्या शाळेत पाठ केलेल्या असतात. भावामागे देऊळ उभारणारी ही बहीण त्या पाठात कुठेच नव्हती.

गाव मागे टाकून मुकुंदराजांच्या समाधीकडे निघालो. शेळ्या राखणाऱ्या एका आजोबांना वाट विचारली.

“मुकुंदराजाला चाललाव व्हय? मंग डांबरीनं कशाला जाता, ह्या पांदीनं उतरा. शेळ्या जातेत तशी वाट गेलीय.”

शेळ्यांची वाट सरळ कधी जात नाही, पण ती उताराला मान देते. तरवड, टाकळा, गुडघ्याएवढं कुसळी गवत, आणि दोन्ही अंगांना सीताफळं. बालाघाटाच्या मुरमाड उतारावर हे झाड कुणी न लावता वाढतं, आणि शेळ्या त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत म्हणून टिकतंही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. दसऱ्याच्या सुमाराला बायका भल्या पहाटे या उतारांवर फिरतात, डोळे उघडलेली तेवढीच फळं तोडतात आणि पाट्या भरून रस्त्याच्या कडेला बसतात. चालणाऱ्याने इथे शिदोरी नाही आणली तरी चालतं.

दरीच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी आहे. पावसाळ्यात शेजारचा ओढा कड्यावरून उडी घेतो आणि देवळाच्या आवारात बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. ‘विवेकसिंधु’ हा मुकुंदराजांचा ग्रंथ शके १११०, म्हणजे ११८८ सालचा मानला जातो. ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे हा ग्रंथ तिच्याआधी शंभर वर्षांचा. या कालाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे, आणि भंडाऱ्याच्या बाजूचं वैनगंगेकाठचं आंभोरेही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. अंबाजोगाईकरांच्या मनात मात्र काही संशय नाही: मराठीचा आद्यकवी आपल्याच दरीत आहे.

जयंतपाळ राजाची गोष्ट इथे प्रत्येकाला येते. रिकिबीत पाय टाकून घोड्यावर मांड ठोकेपर्यंत ज्याला ब्रह्म दाखवता येईल तोच खरा, असा त्याचा हट्ट होता आणि तो पुरवला मुकुंदराजांनी. गोष्ट आहे ती घाईत असलेल्या माणसाची, आणि ती ऐकायची जागा अशी की तिथे घोडा नेणंसुद्धा कठीण.

त्यांच्यानंतर चार शतकांनी याच गावात दासोपंत राहिले (१५५१ ते १६१५). त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा सांगतात. कागद पुरेना म्हणून की काय, त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर पंचीकरणाचं विवेचन लिहिलं, आकृत्यांसकट. ती पासोडी अंबाजोगाईने जपली आहे. निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ इथे शाळा चालवायला आले आणि पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. एवढ्या छोट्या गावाच्या वाट्याला एवढं लिहिणं-शिकवणं आलं, याचं श्रेय मी तरी थोडंसं त्या ओढ्यांनाही देईन.

अशा उतरत्या वाटा बीड जिल्ह्यात आणखी आहेत. बीडच्या दक्षिणेला मांजरसुंब्याजवळ कपिलधार: दरीत धबधबा आणि त्याच्या शेजारी वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी. कार्तिकी पौर्णिमेला मराठवाड्यातून आणि कर्नाटकातून दिंड्या पायी येतात. पाटोदा तालुक्यात सौताडा: विंचरणा नदी पठारावरून कोसळते आणि पायथ्याशी रामेश्वराचं देऊळ आहे, पायऱ्या उतरून जायचं. याच तालुक्यात १९९४ साली घोषित झालेलं नायगावचं मयूर अभयारण्य आहे. पहाटे गेलं तर मोर दिसायच्या आधी ऐकू येतो.

मात्र नुसत्या खाचा पाहून परतणाऱ्याचं चित्र अर्धं राहतं. मांजरा नदी पाटोद्याच्याच बाजूला बालाघाटात उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून गोदावरीला मिळते. तिच्यावर केज तालुक्यात धनेगावचं धरण आहे. लातूरची तहान त्याच्यावर भागते. ते आटलं तेव्हा, २०१६ च्या एप्रिलात, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. आणि दिवाळीच्या आगेमागे, सह्याद्रीतले ट्रेकर सॅक भरतात त्याच दिवसांत, बीडची हजारो कुटुंबं ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, लेकरं आणि कोयते चढवून पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊस तोडायला निघतात. ज्या पठाराचं पाणी खाली उतरून जातं, तिथली माणसंही पाण्यामागे उतरत जातात.

यायचं असेल तर श्रावण ते कार्तिक हा काळ निवडावा. श्रावणात ओढे बोलतात पण शेवाळावर पाय घसरतो. आश्विनात वाट कोरडी असते आणि सीताफळं पिकलेली. परळीपर्यंत रेल्वे आहे, पुढे पंचवीसेक किलोमीटर एसटी. सकाळी हत्तीखाना आणि बाराखांबी, दुपार टाळून उन्हं कलल्यावर मुकुंदराज, असा बेत सुखाचा. डांबरी रस्ता थेट पाहिजे तिथपर्यंत नेतो, हे खरंच आहे. पण गाडीतून गेलं की समाधी तेवढी दिसते; ती तिथेच का आहे, हे कोरड्या माथ्यावरून आपल्या पायांनी ओलाव्याकडे उतरणाऱ्यालाच कळतं.