मुक्काम आधी, रस्ता मागून

मुंबईहून येणारा महामार्ग पेण ओलांडून वडखळला आला की त्याला फाटा फुटतो. उजवीकडचा रस्ता धरमतरच्या खाडीवरून पोयनाड-अलिबागकडे वळतो आणि सरळ जाणारा नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड करत गोव्याच्या दिशेने निघतो. बहुतेक गाड्या वडखळला चहा-वडापावापुरत्या थांबतात आणि निघून जातात. मी मात्र याच परिसरात राहून लोकांना त्यांच्या मोटारसहली आखून देते. गाडी त्यांची, चालवणारे तेच, माझ्याकडून फक्त आखणी. येणाऱ्यांत पेण-रोह्याची निवृत्त जोडपी असतात, आजी-आजोबांना घेऊन निघणारी कुटुंबं असतात, आणि अलीकडे इटलीत स्वतः गाडी चालवायचं ठरवलेली तरुण मंडळीही असतात. सगळ्यांना मी पहिला प्रश्न एकच विचारते : रात्री कुठे काढायच्या?

हा प्रश्न ऐकून बरेच जण गोंधळतात, कारण ते ‘पॉइंट’ची यादी घेऊन आलेले असतात. यादीत चुकीचं काही नसतं. पण यादीवरून सहल आखली की प्रत्येक दिवस गाडीत जातो. संथ सहल म्हणजे गाडी हळू चालवणं नव्हे. मुक्काम कमी ठेवून प्रत्येक मुक्कामी जास्त रात्री राहणं, हे तिचं खरं रूप. आखणीतली बाकीची सगळी कामं त्यातून निघतात.

वडखळहून निघणारी माझी आवडती वाट एक गोल वाट आहे. महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर, पाचगणी, वाई, मांढरदेवीवरून भोर, वरंधा घाट आणि पुन्हा महाड. दिवसभर न थांबता चालवली तर ती फार दमवते. पाच रात्री हाताशी असतील तर मी अशा वाटते : पहिली महाडला, पुढच्या तीन पाचगणी किंवा वाईला, शेवटची भोरला.

पहिली रात्र महाडला का, असं हमखास विचारतात. वडखळ ते महाड अंतर ८०-९० किलोमीटर, ‘दुपारच्या आत घाट चढून जाऊ की!’ पण या महामार्गावर अंतरावरून वेळ काढता येत नाही. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. डोलवीच्या पोलाद कारखान्याची अवजड वाहनं, गणपती-शिमग्याला गावी निघालेले चाकरमानी, शनिवारची अलिबागची गर्दी, हे सगळं वडखळच्याच आसपास एकत्र येतं. म्हणून पहिल्या दिवशी घाट ठेवायचाच नाही. मग नागोठण्याला अंबा नदीवरचा निजामशाहीच्या काळातला दगडी पूल निवांत बघता येतो. कोलाडला कुंडलिकेच्या पाण्यात उतरायचं असेल, तर तिथलं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या पाण्यावर चालतं आणि ते पाणी बहुधा सकाळीच मिळतं, हे आधी विचारून घ्यावं. संध्याकाळी महाडला चवदार तळ्यावर जावं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जिथे पाण्याला हात घातला, त्या तळ्याच्या काठी घाईत दहा मिनिटं उभं राहून निघून जाणं मला पटत नाही. महामार्गालगतच्या डोंगरातली गंधारपाले लेणी दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात बघावीत आणि मग पोलादपूरकडे निघावं.

पोलादपूर समुद्रसपाटीपासून फारसं उंच नाही. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे. ही सगळी चढण जेमतेम ४० किलोमीटरमध्ये चढायची असते. आज ज्याला आपण आंबेनळी म्हणतो तो इंग्रजांचा फिट्झजेराल्ड घाट, १८७६ साली वाहतुकीला खुला झाला. त्या काळी मुंबईहून हवापालटाला निघालेली मंडळी बोटीने सावित्रीच्या खाडीत शिरून दासगावला उतरत, तिथून महाड-पोलादपूरमार्गे वर जात आणि गेल्यावर अख्खा हंगाम राहत. आपल्याकडे तेवढी सवड नाही. पण इतका प्रवास करायचा तर वर पोहोचून दुसऱ्याच दिवशी परतायचं नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

घाटासाठी माझा हिशेब ताशी २५ किलोमीटरचा असतो, आणि दिवसाला एकूण तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवणं मी आखणीत बसवत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा डोंगरी रस्त्याचा नियम आहे. उतरताना ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलं की चाकांतून जळका वास येऊ लागतो, तो गाडीने दिलेला इशारा समजावा. ऑटोमॅटिक गाडीलाही खालचा गिअर लावायची सोय असते. ती कुठे आहे हे घरी असतानाच बघून ठेवावं, पहिल्या वळणावर नव्हे. एसटी मागून आली तर तिला पुढे जाऊ द्यावं. चालकाला घाट पाठ असतो आणि त्याला वेळ पाळायची असते, आपल्याला नसते.

वाटेत कुंभरोशीच्या फाट्यावरून प्रतापगड लागतो. १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांनी बांधून घेतलेला, १० नोव्हेंबर १६५९ च्या अफजलखान-भेटीचा साक्षीदार, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. त्या दिवशी गड एवढंच काम ठेवावं. गडावर गाईड घ्यावा, खाली पिठलं-भाकरी खावी आणि उन्हं कलायच्या आत वरच्या मुक्कामी पोहोचावं.

मुक्कामासाठी महाबळेश्वरची बाजारपेठ मी शक्यतो सुचवत नाही. पाचगणी उंचावर, थंड आणि चालायला सोपी. टेबललँडच्या पठारावर सकाळी लवकर गेलं तर वारा आणि आपण, एवढेच असतो. वाई खाली कृष्णाकाठी. उबदार, जुनी आणि वयस्कर माणसांच्या गुडघ्यांना मानवणारी. दोन्हींच्या मध्ये पसरणीचा घाट, अंतर १२-१३ किलोमीटर. म्हणजे यातल्या कुठल्याही एका गावी बॅगा सोडाव्या आणि बाकीचं तिथून जाऊन-येऊन बघावं. एक सकाळ क्षेत्र महाबळेश्वरला, कृष्णाबाईच्या देवळात आणि पंचगंगेवर. एक वाईच्या घाटांवर आणि ढोल्या गणपतीला, तिथून मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं ते याच वाईत. वाचणाऱ्या माणसाला हे गाव त्यासाठीही बघावंसं वाटतं.

आणि वाचणाऱ्यांसाठी भिलार. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यालगतचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ झालं. राज्य शासनाच्या या उपक्रमात गावातल्या घरांत, देवळांत, शाळेत विषयवार पुस्तकं ठेवली आहेत. कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य. कुणाच्या तरी पडवीत बसायचं, पुस्तक काढायचं आणि वाचत राहायचं. यादीवाल्या सहलीत भिलारला अर्धा तास मिळतो. फोटो निघतात, पुस्तक उघडलं जात नाही. माझ्या आखणीत भिलारला एक अख्खी दुपार असते. स्ट्रॉबेरीचा हंगाम साधारण डिसेंबर ते मार्च. त्यात गेलात तर शेताच्या बांधावरची परडीही मिळते.

दुपार मोकळी ठेवणं हे आखणीतलं सर्वांत अवघड काम आहे. लोकांना मोकळी दुपार म्हणजे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात. म्हणून मी ती कागदावर स्पष्ट लिहून देते : ‘दुपार : काही नाही.’ लिहिलेलं असलं की ती कुणी भरून टाकत नाही. दुसरी एक पद्धत मी नेमाने पाळते. निघण्याआधी घरातल्या प्रत्येकाकडून एकेक हक्काची गोष्ट लिहून घेते. आजीला देवदर्शन, नातवाला घोडा, आईला दोन तास कुणी हाक न मारता वाचन. प्रत्येकाची एक गोष्ट पुरी झाली की रुसवे-फुगवे उरत नाहीत, आणि उरलेली सहल कुणावरही लादलेली वाटत नाही.

हंगामाबद्दल मी हट्टी आहे. पावसाळ्यात सह्याद्री फार सुंदर दिसतो. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा पूल वाहून गेला आणि २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळली, हे या भागातला माणूस विसरू शकत नाही. त्याच पावसाने आंबेनळीचा रस्ताही तुटला होता. जुलै-ऑगस्टमध्ये मी ही गोल वाट कुणालाही देत नाही. दिवाळीची सुट्टी सरल्यावरचा नोव्हेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे खरे दिवस. त्यातही सोमवारी चढावं, शुक्रवारी उतरावं. पौषात काळूबाईची यात्रा असते तेव्हा मांढरदेवीचा रस्ता टाळावा. वरंधा घाट दुरुस्तीसाठी किंवा दरडींमुळे बंद असू शकतो, तेव्हा भोर-महाड एसटी चालू आहे का हे आदल्या दिवशी विचारावं. एसटी जात नसेल तर आपणही जायचं नाही. मग पुण्याच्या बाजूने ताम्हिणी घाट उतरून माणगावला यावं.

इटलीला निघालेल्यांनाही मी हेच सांगते. टस्कनीत सिएना, सान जिमिन्यानो, व्होल्तेर्रा, मोंतेपुल्चानो ही गावं टेकड्यांच्या माथ्यावर, तटबंदीच्या आत वसलेली आहेत. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आपल्या पेणच्या आरटीओत मिळतो आणि वर्षभर चालतो. तिथे गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची, आणि भाड्याच्या गाड्या बऱ्याचशा हाताने गिअर बदलायच्या असतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर ती खूप आधी सांगून ठेवावी. जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. पाटी न वाचता आत शिरलात तर कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी नंतर येते. गाडी तटाबाहेर लावून पायी चढायचं. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी सोडणाऱ्या आपल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

तिथेही दोनच मुक्काम धरावेत, प्रत्येकी चार रात्रींचे. एक सिएनाजवळ, दुसरा पिएन्झा-मोंतेपुल्चानोच्या बाजूला. शेतावरच्या घरांत उतरण्याची सोय त्या भागात सर्रास आहे. छोट्या गावांत दुपारी दुकानं आणि चर्च बंद होतात, रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी सहसा मिळत नाही. जेवण लवकर लागणारी मुलं-म्हातारी माणसं बरोबर असतील तर स्वयंपाकघर असलेलं घरच घ्यावं. याच देशात १९९९ साली छोट्या गावांनी ‘चित्तास्लो’ नावाची संघटना काढली. ५० हजारांहून कमी वस्तीच्या, संथ जगणं जपू पाहणाऱ्या गावांची. पाहुण्याने दोन तास हुंदडून जाण्यापेक्षा दोन दिवस राहावं, यात गावाचंही भलं असतं. आपल्याकडे भिलारला किंवा भोरला रात्रीचा मुक्काम केला तर हाच हिशेब लागू होतो. घरगुती खानावळवाल्या ताईंना आदल्या दिवशी निरोप दिला की भाकरी गरम मिळते आणि चार पैसे त्या घरात राहतात.

‘पुन्हा कधी येणार? मग सगळंच बघून घेऊ,’ हे वाक्य मला इटलीच्या बाबतीत समजतं, तरी मान्य होत नाही. महाडच्या आणि वाईच्या बाबतीत तर ते खरंही नाही. आपण वडखळला राहतो. घाट सकाळच्या अंतरावर आहे. रायगड, शिवथरघळ, कासचं पठार यांपैकी एकही या पाच रात्रींत मी बसवलेलं नाही, आणि ते मुद्दाम. रायगडाला स्वतंत्र दोन दिवस द्यावेत, कासला फुलांच्या हंगामात भाद्रपद-आश्विनात जावं, आणि डिसेंबर-जानेवारीत वालाच्या शेंगा भरल्या की कुठेच न जाता पेणच्या आसपास शेतात पोपटी लावावी. जे गाळलं ते पुढच्या खेपेसाठी राखलं, असं समजून आखणी केली की घाईचं कारणच उरत नाही.