पंप नवा टाकला, तरी गाडी बंदच

आजची नोंद केळीची नाही, कापसाचीही नाही. गाडीची आहे. पण शेवटी ती आपल्या खताच्या गोणीपाशीच येऊन थांबते, म्हणून इथे लिहितोय.

मे महिन्यात मोठ्या लेकीला बाळंतपणासाठी धुळ्याहून घरी आणायला गेलो होतो. आठवा महिना लागलेला. ऊन चढायच्या आत निघायचं ठरलं होतं, पण व्याह्यांकडे जेवणखाण होता होता एक वाजला. फागणे, मुकटी, पारोळा, गाडी सुतासारखी चालली. पारोळ्याच्या पुढे एरंडोलच्या रस्त्याला तिने दोन-तीन हिसके दिले आणि बंद. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. बाहेर खान्देशातलं मे महिन्याचं ऊन. लेक म्हणाली, "पप्पा, मला काही होत नाही, तुम्ही टेन्शन घेऊ नका." तिचा चेहरा मात्र लाल झाला होता. तिला आणि तिच्या आईला निंबाच्या सावलीत बसवलं आणि मी बोनेट उघडून उभा राहिलो. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? दीड महिन्यापूर्वीच गाडीला नवा पेट्रोल पंप टाकला होता.

त्रास फेब्रुवारीपासूनचा. गाडी गरम झाली की बंद पडायची, अर्धा तास थांबलं की आपोआप सुरू. पहिल्या मेस्त्रीने प्लग बदलले, एक कॉइल बदलली. आठ दिवस बरं गेलं, परत तेच. दुसऱ्या गॅरेजवाल्याने मागच्या सीटखालचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "पंप गेला." कुठलंही मोजमाप नाही, कान लावला आणि निदान झालं. पहिला आणि दुसरा खर्च मिळून साडेचौदा हजार. जुना पंप मागितला तर "भंगारात गेला". पक्कं बिल मागितलं तर "आप्पा, आपल्यात बिल कसलं?" मीही गप्प बसलो. ती माझी चूक.

एरंडोलहून एक मेस्त्री मोटरसायकलवर आला. त्याने आधी चावी फिरवून सीटखाली कान दिला. मग सीट उचलली, पंपाच्या प्लगमध्ये मागून मीटरच्या पिना टोचल्या आणि मला पुन्हा चावी फिरवायला सांगितली. बॅटरीला १२.४ व्होल्ट. पंपाला फक्त ८.९. तो हसला. "पंपना काही दोष नही शे आप्पा, त्याले करंटच पुरा भेटत नही."

त्याने चिमटा लावलेली एक वायर पंपाच्या अर्थिंगपासून सरळ बॉडीला जोडली. पंपाचा आवाज लगेच बदलला, मीटर बाराला गेला, गाडी पहिल्याच सेल्फला सुरू. मग अर्थिंगची मूळ वायर शोधली. सीटखाली एका बोल्टला ती कसलेली होती आणि तो बोल्ट पांढऱ्या-हिरव्या बुरशीसारख्या थराने माखलेला. मेस्त्रीने विचारलं, "इथे खत ठेवता का?"

ठेवतो ना. केळीला म्युरेट ऑफ पोटॅश लागतं, फुटकी गोणी मागे टाकून कितीदा शेतावर नेली आहे. पोटॅशमध्ये क्लोराइड असतं, ते हवेतली ओल धरतं आणि लोखंड खातं. फवारणी पंपाचा नोझल, ड्रीपच्या हेडवरचे नटबोल्ट कसे गंजतात ते आपण रोज बघतो. गाडीचा बोल्ट काही वेगळ्या लोखंडाचा नाही.

मग नवा पंप टाकल्यावर गाडी दीड महिना का चालली? पंप बदलताना वायरी हलल्या, प्लग काढून घातला, तेवढ्याने सांधा तात्पुरता बरा बसला. पुढे उन्हाने गरम होऊन परत ढिला. थंड झाला की पुन्हा करंट जायचा. म्हणजे जुना पंप चांगला असण्याचीच शक्यता जास्त. मेस्त्रीने बोल्ट घासला, नवी लग टाकली, वर ग्रीस लावलं. तीनशे रुपये घेतले. मी पाचशे दिले.

आता आपल्या भाषेत. गाडीचा पेट्रोल पंप म्हणजे छोटा सबमर्सिबल आहे. टाकीत बुडून चालतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. विहिरीचं पाणी उपसलं की मोटर कोरडी चालून गरम होते, तसंच कायम रिझर्व्हवर गाडी चालवली की याचं होतं. जाळीत गाळ अडकला की दाब पडतो, आपल्या ड्रीपच्या फिल्टरसारखा. फरक एवढाच, की विहिरीची मोटर कमी व्होल्टेजला जळते. हा डीसी पंप सहसा जळत नाही, मंद फिरतो, आणि इंजिनाला हवा तो दाब मिळत नाही. विहिरीवर मोटर बंद पडली तर आपण आधी व्होल्टेज बघतो, मगच मोटर वर काढतो. गाडीच्या बाबतीत मात्र मेस्त्री म्हणेल ते ऐकतो.

गावात सगळे म्हणाले, "इथेनॉलमुळे झालं." मी स्वतः मका लावतो, त्यातला काही इथेनॉलला जातो, म्हणून बाजू घेतोय असं समजू नका. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल २०२५ मध्ये आलं. एप्रिल २०२३ पासूनच्या नव्या गाड्यांचे भाग ते सोसतील असे बनवलेत, जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग बदलावे लागू शकतात हे सरकारनेही मान्य केलंय. इथेनॉल पाणी ओढतं हेही खरं. पण माझ्या गाडीत दोष निघाला गोणीचा.

कधी दोष कंपनीचाही असतो. मार्च २०२४ मध्ये मारुतीने २०१९ सालच्या १६ हजारांवर बलेनो आणि वॅगनआर गाड्या पंपाच्या मोटरच्या भागासाठी परत बोलावल्या आणि तो भाग फुकट बदलून दिला. माझी गाडी त्यातली नव्हती. तुमची आहे का ते चेसिस नंबरवरून बघून घ्या, खिशातून पैसे घालण्याआधी.

मी आता एवढं पाळतो. पंप बदलण्याआधी फ्यूज, रिले बघायला लावतो आणि पंप चालू असताना प्लगवरचं व्होल्टेज मोजायला सांगतो. जुना पार्ट घरी आणतो. पक्कं बिल घेतो, कारण ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचाच येतो. पाव टाकीच्या खाली पेट्रोल जाऊ देत नाही. आणि खत ट्रॅक्टरमधूनच.

लेक सुखरूप आहे, नातू झाला. पण निंबाखाली ती पाऊण तास बसली होती, ते मला अजून आठवतं.

तुमच्या गाडीचा असा खेळ झाला असेल तर खाली लिहा. शेवटी दोष कुठे निघाला तेही लिहा, म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाचतील.