वीस बाइटच्या फायली

सोमवारी सकाळी सातला लातूरहून सरांचा फोन आला. "अरे, आपली साइट उघडेना झालीय. इंग्रजीत काहीतरी एरर दाखवायलीय, बघ की जरा."

सर निवृत्त शिक्षक. भूकंपाला पंचवीस वर्षं झाली त्या 2018 साली त्यांनी किल्लारी परिसरातल्या माणसांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, चारला चार मिनिटं कमी असताना, गणपती विसर्जन उरकून झोपलेली गावं ढिगाऱ्याखाली गेली. ते सांगणारी माणसं आता थकलीत. काही तर आठवण सांगून महिन्याभरात गेली. त्यांचं बोलणं उरलं ते त्या साइटच्या डेटाबेसमध्ये, आणि तो डेटाबेस आदल्या रात्री माझ्याच हातून पुसला गेला होता. चाचणीसाठी केलेली जुनी प्रत काढायची होती. दोन्हींच्या नावात एका अक्षराचा फरक. ड्रॉपची कमांड दिली, लॅपटॉप मिटला आणि नांदेडच्या माझ्या खोलीत निवांत झोपलो.

तरी फोन आल्यावर धीर होता, कारण रोज रात्री दोनला क्रॉन बॅकअप घेत होता. मोठा डेटाबेस ब्राउझरमधून उतरवायला गेलं की वेळेची मर्यादा संपते आणि फाइल अर्धवट राहते. म्हणून मी कमांड लाइन धरली होती. मायएसक्यूएलडंप सगळे तक्ते मजकुराच्या रूपात ओततो, पाइपमधून तो मजकूर जीझिपकडे जातो, जीझिप तो दाबून तारखेच्या नावाची फाइल करतो. सगळं एका ओळीत.

फोल्डर उघडला. तीस फायली, एकही रात्र चुकलेली नाही. मग आकाराचा रकाना पाहिला. 20. त्याखाली 20. शेवटपर्यंत 20. आत काहीच नसलेली जीझिप फाइल बरोबर वीस बाइटची भरते.

दोन महिन्यांपूर्वी मी पासवर्ड बदलला होता. स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. मायएसक्यूएलडंप रोज दारातूनच परत येत होता आणि जीझिप मात्र आलेलं 'काहीच नाही' इमानानं बांधून ठेवत होता. पाइपमध्ये शेवटच्या कमांडचा निकाल तोच सगळ्या ओळीचा निकाल धरतात. पाइपफेल चालू केलं नसेल तर आधीच्याचं अपयश वर येत नाही. चुकांचे संदेश येऊ नयेत म्हणून ते डेव्ह-नलकडे मीच वळवले होते. तीस दिवसांपूर्वीच्या फायली पुसायची सोयही माझीच. खऱ्या फायली तिनं एकेक करून संपवल्या होत्या. मी बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसलो.

मग गंजगोलाईजवळच्या सरांच्या खोलीत टायपिंग करणारी मुलगी आठवली. तिला मी तीच कमांड वहीत लिहून दिली होती. दर शनिवारी ती प्रत काढून पेन ड्राइव्हवर ठेवायची. नवा पासवर्ड तिला आठवणीनं कळवला होता, स्क्रिप्टला द्यायचा राहिला होता. फोन केला. "या शनिवारी लाइट नव्हती दादा, पण त्याच्या आधीची आहे." फाइल इंटरनेटवरून मागवता आली असती, पण सरांसमोर जाऊन उभं राहिल्याशिवाय मला राहवेना. लोहा, अहमदपूर, चाकूर करत दुपारी लातूरला पोचलो.

नव्या सर्व्हरवर फाइल चढवली, साइट उघडली, आणि पानभर नुसती प्रश्नचिन्हं. सर काही बोलले नाहीत, चष्मा काढून पुसत बसले. तक्त्यातच प्रश्नचिन्हं साठली असतील तर कोणीही काही करू शकत नाही; अक्षर कायमचं गेलेलं असतं. थेट डेटाबेसमध्ये जाऊन एक ओळ मागवली. देवनागरी जशीच्या तशी होती. साइट आणि डेटाबेस यांच्यामधली जोडणी तेवढी लॅटिन-वनवर राहिली होती. त्या संचात नसलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी ती प्रश्नचिन्ह ठेवत होती. सेटिंगमध्ये यूटीएफ-एट-एमबी-फोर लिहिलं आणि पान मराठीत उघडलं. सरांनी पहिलं नाव मोठ्यानं वाचलं, मग दुसरं.

आता स्क्रिप्टमध्ये पाइपफेल आहे, फाइल ठरावीक आकारापेक्षा लहान भरली तर मला मेसेज येतो आणि जुन्या फायली पुसल्या जात नाहीत. महिन्याच्या एक तारखेला मी प्रत रिकाम्या डेटाबेसमध्ये चढवतो आणि आठवणी मोजतो. एक प्रत नांदेडला, एक लातूरला. गोदावरीचा पूर आणि जमिनीचा हादरा दोन्ही गावांना एकाच दिवशी गाठणार नाहीत, एवढाच हिशेब.

मधल्या नऊ दिवसांतल्या दोन आठवणी गेल्या. एक सरांच्या वहीत होती. दुसरी एका आजोबांनी फोनवर सांगितली होती आणि त्या मुलीनं ऐकता ऐकता टाइप केली होती. पुढच्या रविवारी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो. तुम्ही सांगितलेलं माझ्या चुकीनं पुसलं गेलं, असं मीच त्यांना सांगितलं. त्यांनी मला जवळ बसवलं, चहा मागवला.

"मागच्या बारीला बैलांचं राहिलं होतं सांगायचं," ते म्हणाले. "आता तेबी लिहून घ्या."