भिंतीवरची मराठी : तंजावरची सफर

मुलांनो, भारताचा नकाशा समोर घ्या बरं. आपला वर्धा जिल्हा सापडला? शाब्बास! आता सेवाग्राम स्टेशनवर बोट ठेवा आणि रुळावरून खाली खाली चला. हिंगणघाट, वरोरा, चंद्रपूर, बल्लारशा... मग गोदावरी ओलांडायची, विजयवाड्याला कृष्णा ओलांडायची आणि थेट चेन्नई. झाले हजार-अकराशे किलोमीटर! पण अजून थांबायचं नाही हं. तिथून दुसऱ्या गाडीनं आणखी साडेतीनशे किलोमीटर खाली. तिथं कावेरी नदीच्या खोऱ्यात एक शहर आहे, तंजावर. आज आपल्याला तिथं जायचंय.

तुम्ही म्हणाल, बाई, एवढ्या लांब कशाला? देवळं काय आपल्याकडे नाहीत? आहेत की! पण तंजावरात एक अशी गोष्ट आहे, जी पाहिल्यावर वर्ध्याचा माणूस जागच्या जागी थबकतो. ती कोणती, ते सांगतेच. आधी शहरात तर शिरू या.

गाडीच्या खिडकीतूनच तुम्हांला फरक कळेल. आपल्याकडे काळी माती, पऱ्हाटी, तूर, सोयाबीन. इथं जिकडं बघावं तिकडं पाणी साचलेली वावरं आणि हिरवंगार धान. कावेरीला इथं अनेक फाटे फुटतात, त्यांतून कालवे निघतात. तंजावरपासून पन्नासेक किलोमीटरवर कल्लणै नावाचा दगडी बंधारा आहे. करिकाल नावाच्या चोळ राजानं तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बांधला असं मानतात. पुढच्या काळात त्याची दुरुस्ती झाली, भर पडली आणि तो अजूनही पाणी वाटून देतोय! धानाचं हे कोठार होतं म्हणूनच इथं मोठी राज्यं झाली, मोठी देवळं झाली. पोट भरलेलं असलं तरच शिखरं चढवता येतात, नाही का?

स्टेशनवर उतरलात की पाट्या तमिळमध्ये. अक्षरं गोल गोल, जिलबीसारखी. घाबरायचं नाही. पाणी हवं असेल तर ‘तण्णी’ म्हणा. रिक्षावाल्या काकांना ‘अण्णा’ म्हणा, दुकानातल्या ताईंना ‘अक्का’ म्हणा. माणसं लगेच हसतात आणि मदत करतात. आणि कुठं जायचं म्हणून विचारलं तर सांगा, ‘पेरिय कोविल’. म्हणजे मोठं देऊळ.

हे मोठं देऊळ म्हणजे बृहदीश्वराचं मंदिर. राजराज चोळ या राजानं ते बांधलं. इ. स. १०१० मध्ये ते पूर्ण झालं, म्हणजे हजार वर्षं कधीच उलटून गेली. शिखर सुमारे ६६ मीटर उंच. कसं कळावं ते किती? शाळेचा ध्वजखांब समजा वीस फुटांचा आहे. त्याच्यावर दुसरा, त्याच्यावर तिसरा, असे दहा खांब एकावर एक उभे केले तरी आपण टोकाच्या थोडं खालीच राहू! आणि हे सगळं ग्रॅनाइटच्या दगडात, त्या काळी, क्रेन नसताना. जवळपास तर हा दगडही मिळत नाही. तो लांबून आणला. १९८७ साली युनेस्कोनं या मंदिराला जागतिक वारसा म्हणून मान दिला.

इथं तुम्हांला कोणीतरी नक्की सांगेल, ‘या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही!’ ऐकून घ्या, पण लगेच वहीत लिहू नका. सकाळी जा आणि आपल्या डोळ्यांनी बघा. सावली चांगली लांबलचक पडते. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की ती शिखराच्या पायथ्याशीच गोळा होते, एवढंच. प्रवासाला निघताना डोळे बरोबर न्यायचे असतात, ते यासाठी.

आणखी एक सूचना. चपला दाराशीच काढाव्या लागतात आणि दुपारी फरशी तव्यासारखी तापते. तेव्हा सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं कलल्यावर.

देवळाच्या भिंतींजवळ जाऊन पाहा. दगडावर ओळीच्या ओळी कोरल्या आहेत, तमिळमध्ये. राजानं, राण्यांनी, सरदारांनी देवाला काय काय दिलं याचा तो हिशेब आहे. चारशे नर्तकींची नावं आहेत, त्या कोणत्या गल्लीत, कितव्या घरात राहतील हेसुद्धा आहे! त्या काळी एक दिवा कायम तेवत ठेवायचा तर त्याच्या तुपासाठी ९६ मेंढ्या द्यायची रीत होती. गणिताच्या वहीत करून बघा, दहा दिव्यांना किती मेंढ्या लागतील?

आता चला माझ्याबरोबर आवाराच्या नैऋत्य कोपऱ्याकडे. इथंही भिंतीवर अक्षरं आहेत. पण ही गोल गोल नाहीत. जवळ जा. अजून जवळ. अहो, ही तर देवनागरी! एक-दोन शब्द लावा, आणि... मराठी!

हीच ती थबकायची जागा. मी किती वेळ तिथं उभी होते, कोण जाणे. घरापासून जवळजवळ दीड हजार किलोमीटरवर, हजार वर्षांच्या तमिळ मंदिराच्या भिंतीवर आपली मराठी दगडात कोरलेली! हा भोसले वंशाचा इतिहास. तंजावरचे राजे दुसरे सरफोजी यांनी तो १८०३ साली कोरवून घेतला. मराठीतला हा एक फार मोठा शिलालेख आहे. जुनं वळण आहे, सगळं भराभर वाचता येत नाही. पण ‘राजे’ दिसतं, ‘महाराज’ दिसतं आणि अंगावर काटा येतो.

पण मराठी इथं आली कशी?

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी ऊर्फ एकोजी तुम्हांला इतिहासात भेटले असतील. ते विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार होते. १६७५ च्या सुमारास ते फौज घेऊन इथं आले आणि तंजावर त्यांच्या हाती पडलं. त्याआधी इथं नायक राजे होते, त्याही आधी चोळ. म्हणजे राज्य आलं ते तलवारीनंच, हे आपण लपवायचं नाही. पुढं १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीवर असताना शिवाजी महाराज आणि एकोजी यांची भेटही झाली. एकोजींच्या वंशजांनी तंजावरवर १८५५ पर्यंत राज्य केलं.

गंमत बघा, या राजांनी इथल्या लोकांना ‘तुम्ही आता मराठीच बोला’ असं म्हटलं नाही. ते स्वतःच शिकत गेले. एकोजींचा मुलगा शाहजी. त्यानं ‘पंचभाषाविलास’ नावाचं नाटक लिहिलं, त्यात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा आहेत! त्यानं मराठी नाटकंही लिहिली. आपण मराठी रंगभूमीचा आरंभ विष्णुदास भाव्यांच्या १८४३ सालच्या सांगलीच्या नाटकापासून मानतो ना? त्याच्या दीडेकशे वर्षं आधी तंजावरात मराठी नाटकं लिहिली जात होती. आपली कीर्तनं इथं आली आणि तमिळ हरिकथेत मिसळली. तिकडचं नृत्य आणि संगीत मराठी दरबारात वाढलं.

जेवताना सांबार वाढलं की इथं आणखी एक गोष्ट सांगतात. म्हणे, संभाजी महाराज पाहुणे आले तेव्हा ही आमटी प्रथम झाली, म्हणून तिचं नाव सांबार! गोष्ट गोड आहे, पण तिला पुरावा नाही. तेव्हा गोष्ट म्हणून ऐका आणि सांबार म्हणून खा. पुरावा आहे तो वेगळ्याच गोष्टीचा. सरफोजींच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ नावाचं मराठी हस्तलिखित इथल्या ग्रंथालयात जपलेलं आहे.

आता राजवाड्याकडे जाऊ. नायकांनी बांधलेला, मराठ्यांनी वाढवलेला. रंगवलेल्या खांबांचा दरबार बघा, चोळांच्या काशाच्या मूर्ती बघा. नटराजाची मूर्ती पाहिल्याशिवाय निघू नका. आणि मग शिरा सरस्वती महाल ग्रंथालयात.

या सरफोजींची कहाणी ऐकण्यासारखी आहे. जन्म १७७७ चा. राजे तुळजाजींनी त्यांना दत्तक घेतलं. तुळजाजी वारले तेव्हा मुलगा लहान. गादीवर काका अमरसिंग बसले. या पोरक्या मुलाला एक शिक्षक लाभले, श्वार्ट्झ नावाचे जर्मन मिशनरी. त्यांनी त्याला शिकवलं, सांभाळलं. १७९८ मध्ये सरफोजी गादीवर आले, आणि त्याच वर्षी श्वार्ट्झ वारले. तंजावरच्या चर्चमध्ये एक संगमरवरी शिल्प आहे. अंथरुणाला खिळलेले गुरुजी, आणि त्यांचा हात हातात घेतलेला राजा! शिक्षकाचा हात धरलेला राजा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पण १७९९ मध्ये इंग्रजांनी करार करून सगळा कारभार आपल्या हाती घेतला. राजाजवळ उरला फक्त किल्ला आणि ठरलेला तनखा. फौज नाही, मुलूख नाही. आता सांगा, अशा राजानं काय करावं? शिकार? मेजवान्या?

सरफोजींनी पुस्तकं जमवली. १८२० मध्ये काशीयात्रेला निघाले तेव्हाही हस्तलिखितं गोळा केली. ताडपत्रांवरची, कागदावरची, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी. आज या ग्रंथालयात चाळीस हजारांहून जास्त हस्तलिखितं आहेत. त्यांनी औषधांचा अभ्यास करवून घेतला. डोळ्यांच्या रोग्यांची टिपणं ठेवली, त्यांत दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रंही आहेत. प्रवाशांसाठी बांधलेल्या छत्रांमधून मुलांच्या शाळा चालवल्या. आणि देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला. त्या छापखान्यात १८०६ साली एक मराठी पुस्तक छापलं गेलं. कोणतं असेल? ‘बालबोध मुक्तावली’, म्हणजे इसापच्या गोष्टी! अगदी सुरुवातीच्या छापील मराठी पुस्तकांपैकी एक पुस्तक असं मुलांच्या गोष्टींचं, आणि छापलं कुठं, तर पुण्या-मुंबईत नव्हे, तंजावरात. तुमच्या हातात आत्ता जे मासिक-साप्ताहिक असतं ना, त्याचं हे पणजोबा म्हणायला हरकत नाही.

ग्रंथालयात पाहुण्यांना एक दालन बघता येतं, बाकीची हस्तलिखितं अभ्यासकांसाठी आहेत. तंजावरच्या दप्तरात मोडी कागदांचीही रुमालंच्या रुमालं आहेत. पत्रं, हिशेब, हुकूम. पण मोडी वाचणार कोण? दगड टिकतो, कागदही जपता येतो. वाचणारी माणसं मात्र तयार करावी लागतात.

ग्रंथालयाबाहेर सावलीत आम्ही बसलो होतो. मुलांना मी काहीतरी सांगत होते. बाजूचे एक आजोबा वळून म्हणाले, ‘मराठी का?’ तंजावरात आणि कुंभकोणमला अशी मराठी घरं आहेत. बडोद्याचे प्रसिद्ध दिवाण टी. माधवराव याच लोकांतले. आजोबांची मराठी जुन्या वळणाची, चाल मात्र तमिळ. त्यांच्या घरात आठ-नऊ पिढ्या मराठी बोलतात, लिहितात मात्र तमिळ. मी म्हटलं, ‘केवढं कौतुक!’ ते हसले. म्हणाले, नातवंडांना समजतं सगळं, पण उत्तर तमिळमध्ये देतात. मग त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्याकडची मुलं?’

या प्रश्नाचं उत्तर मी काय दिलं असेल? आमच्या वर्गात आई मराठीतून विचारते आणि मुलगा हिंदीतून उत्तर देतो, असं मी रोज बघते. हिंदी यावी, इंग्रजी यावी, शाहजीसारख्या पाच भाषा याव्यात! पण त्या पाचांत घरची एक असावी. आजोबांना मी एवढंच म्हटलं, ‘आमच्याकडेही थोडं तसंच आहे.’ त्यांनी मान हलवली, अगदी तिथल्या त्या डोलणाऱ्या तंजावरी बाहुलीसारखी.

तंजावरचा आणि आपला आणखी एक धागा आहे. आपला भाग नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. त्यांची शाखा वेगळी. पण १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, गादीला मुलगा नव्हता, इंग्रजांनी राज्य खालसा केलं. दोनच वर्षांनी, १८५५ मध्ये, तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले. तिथंही मुलगा नव्हता. तेही संपलं. दोन्ही राज्यं गेली. तंजावरात भिंत राहिली आणि पुस्तकं राहिली.

तर मुलांनो, जमेल तेव्हा तंजावरला जा. आई-बाबांनाही न्या. नाही जमलं तर या सुट्टीत एक काम करा. आजी-आजोबांना विचारा, घरात जुनी ट्रंक आहे का, त्यात मोडीतला एखादा कागद आहे का. सापडला तर फाडू नका, घड्या मोडू नका, कोरड्या जागी ठेवा आणि वाचणारं कोणी आहे का याचा शोध घ्या. मोडी शिकणं फार अवघड नाही बरं! आणि हे सगळं विचारायचं ते मराठीतच हं.