दोर आणि रंधा

आमच्यासारख्या पांढरपेशा कुटुंबांत वडील गेले म्हणजे मागें पुस्तकांचें कपाट आणि हिशेबाच्या वह्या राहतात. आमच्या तीर्थरूपांच्या मागें एक जाड दोर, एक रंधा आणि चार पटाश्या राहिल्या. सरकारी कचेरींत कारकुनी करून त्यांनीं घर चालविलें. परंतु त्यांचा जीव रमे तो दोनच ठिकाणीं: सह्याद्रीच्या डोंगरांत आणि वाड्याच्या मागील पडवींत.

शनिवारीं कचेरी सुटली कीं ते झोळी खांद्याला लावीत. आम्ही भावंडें थोडीं मोठीं झाल्यावर आमचीहि वर्णी लागूं लागली. गुंजवण्याहून चोरदरवाजानें राजगड चढावा, पद्मावतीच्या देवळांत रात्र काढावी आणि पहाटे संजीवनी माचीवरून उतरून डोंगराच्या दांडानें थेट तोरण्याची बुधला माची गांठावी, हा त्यांचा आवडता मार्ग. दगड हलवून पाहिल्यावांचून त्यावर भार टाकूं नये आणि वाट विचारतांना गुराख्याच्या पोरालाहि 'दादा' म्हणावें, हे त्यांचे नियम. सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलणारी कारवी दाखवून ते सांगत, "हिच्याच काठ्या विणून, वर शेणमाती लिंपून घराचे कुड होतात." डोंगरांतहि त्यांची दृष्टि कारागिराचीच होती.

पडवींतील विद्या त्यांनीं शेजारच्या आळींतील एका मिस्त्रींपासून घेतली. लांकडाच्या रेघा जिकडे गेल्या असतील तिकडेच रंधा चालवावा, उलट चालविल्यास कपचे निघतात. पातें बोथट झालें तर दोष लांकडाला देऊं नये. इत्यादि धडे ते जमिनीवर बसून गिरवीत. मिस्त्रींना ते 'अहो' म्हणत. आमच्या आजोबांना हें मुळींच रुचत नसे. "सुताराचें काम सुतारानें करावें आणि डोंगर गुराख्यानें चढावा," असें ते म्हणत. मिस्त्रींचा चहाचा कप पडवीच्या कोनाड्यांत वेगळा ठेवलेला असे व तो त्यांचा त्यांनींच विसळावा, अशी घरची रीत होती. वडील आजोबांशीं वाद घालीत नसत. मात्र मिस्त्री आले कीं आपणहि पडवींतच बसून चहा घेत.

१२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं पानशेतचें मातीचें धरण, त्याचें काम पुरें होण्यापूर्वींच, फुटलें. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या दगडी धरणावर आला व पुढें तेंहि फुटलें. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलें. आमच्या वाड्याचा खालचा मजला पाहतां पाहतां बुडाला आणि जिन्याच्या पायऱ्या एकेक करून दिसेनाशा झाल्या. वडिलांनीं दोर काढला, एक टोक माळ्याच्या तुळईला बांधलें आणि दुसरें कमरेला गुंडाळून ते कौलांवरून शेजारच्या उंच वाड्याच्या गच्चीवर गेले. मग त्या दोराच्या आधारानें त्यांनीं एकेकाला पलीकडे नेलें. आधीं मुलें, मग बायका, शेवटीं आजोबा. ज्या दोराला घरांत जागा नाहीं असें आजोबा म्हणत, त्याच दोराची गांठ वडील त्यांच्या कमरेला बांधीत होते. आजोबा एक शब्दहि बोलले नाहींत. ते थरथरत होते, आणि वडिलांचे हात अगदीं स्थिर होते.

पाणी ओसरल्यावर वाड्यांत गुडघाभर चिखल उरला. दारें फुगलेलीं, चौकटी निखळलेल्या. त्या दिवसांत सुतार मिळणें दुरापास्त. वडील आणि मिस्त्री कित्येक महिने आमच्या व शेजाऱ्यांच्या घरांचीं दारें बसवीत होते. कोनाड्यांतील कप पुरांत वाहून गेला होता. आईनें दुसरा काढून ठेवूं का म्हणून विचारलें, तेव्हां आजोबा म्हणाले, "नको. त्यांना ओटीवर बोलाव, आणि आमच्याबरोबरच चहा दे." घरांतील एक जुनी रीत इतक्याच शब्दांनीं संपली.

पुढें गुडघे थकले तेव्हां वडिलांचे डोंगर सुटले; दिवाळीचा मातीचा किल्ला मात्र शेवटपर्यंत सुटला नाहीं. १९९६ सालीं ते गेले. नंतर वाडा पाडून तेथें सदनिका झाल्या. २०२५ सालीं राजगडासह बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादींत आले, तेव्हां आम्हांस त्यांची आठवण झाली. त्यांना आनंद झाला असता. परंतु पहिल्या रविवारीं ते टाक्याकाठचा कचरा वेंचावयास गेले असते, हेंहि तितकेंच खरें.

आमच्या घरांत विद्येला मान पिढ्यान्‌पिढ्या होता. मात्र तो पोथीपुरताच होता. जेथें विद्या असेल तेथें, मग ती कोणाच्याहि हातांत असो, खालीं बसून शिकावें, हें वडिलांनीं वागून दाखविलें. रंधा आतां आमच्या पुतणीकडे आहे. दोर जीर्ण झाला आहे, तरी टाकून द्यावा असें अजून कोणी म्हटलेलें नाहीं.