संगमाकाठची वेधशाळा

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमापासून जवळच अभियांत्रिकी महाविद्यालयाचा विस्तीर्ण परिसर आहे. १८५४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत एकेकाळी भारतातील सर्वांत मोठी दुर्बीण होती, हे शेजारच्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

या वेधशाळेचा पाया एका दानाने घातला गेला. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातील तरुण अध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला यांच्या विनंतीवरून पाच हजार रुपये दिले. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. नेगमवालांनी इंग्लंडला जाऊन तेथील ज्योतिर्विदांचा सल्ला घेतला. डब्लिनच्या ग्रब यांनी वीस इंची आरशाची दुर्बीण घडवली आणि १८८८ साली पुण्याच्या तत्कालीन विज्ञान महाविद्यालयात महाराजांच्या नावाने वेधशाळा उभी राहिली. ताऱ्यांच्या प्रकाशाचे पृथक्करण करून त्यांची घटकद्रव्ये ओळखणे, हे त्या काळी अगदी नवे असलेले शास्त्र येथे रुजू लागले.

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला. पुणे प्लेगने होरपळत असतानाही नेगमवाला आपली उपकरणे घेऊन सोलापूरकडील लोहमार्गावरच्या जेऊर येथे गेले. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल यांनीही जेऊरलाच तळ ठोकला होता, तर इंग्लंडचे लॉकियर विजयदुर्गला उतरले होते. अवघ्या दोन मिनिटांच्या अंधारासाठी जगातील विद्वान महाराष्ट्राच्या माळरानांवर आणि किनाऱ्यावर एकत्र आले. त्यांच्या पंक्तीत पुण्याची वेधशाळाही मानाने उभी होती.

पुढे चित्र पालटले. १९११ साली महाविद्यालय केवळ अभियांत्रिकीचे झाले. १९१२ साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. तेथे ती दुर्बीण ‘भावनगर दुर्बीण’ म्हणून ओळखली गेली. दात्याचे नाव टिकले. पुण्यातील परंपरा मात्र खंडित झाली.

व्यापारी घराण्यांना यातील मर्म सहज उमगेल. भांडवल उभे करून पेढी थाटता येते. परंतु गादी सांभाळणारा पुढचा माणूस वेळीच तयार झाला नाही, तर भरभराटीची पेढीही एका पिढीत मिटते. विद्येसाठी दान देताना इमारतीइतकाच विचार त्या विद्येच्या वारसदारांचाही व्हावा, हेच संगमाकाठची ही रिकामी जागा सांगत असते.