ऊन पाण्याचें घंगाळ

पंचवटींत राहणाऱ्या मनुष्यास पायांचें महत्त्व निराळें सांगावयास नको. गंगेवर जावयाचें तर घाटाच्या पायऱ्या, काळ्या रामाच्या दर्शनास जावयाचें तर दगडी फरशी, आणि कार्तिकांत पहांटे रामकुंडावर स्नान करून परतावयाचें तर गारठलेलीं पाउलें. आमच्या आत्याबाईंनीं हें कार्तिकस्नान पन्नास वर्षें चालविलें. घरीं आल्यावर ऊन पाण्याच्या घंगाळांत पाय बुडवून बसावयाचें, सुंठ, तुळस व गवती चहा यांचा काढा घ्यावयाचा आणि मग देवपूजेस लागावयाचें, हा त्यांचा परिपाठ.

दोन वर्षांपूर्वीं दिवाळीस सिंगापुराहून आमची पुतणी आली, ती चिनी वनस्पतींच्या पुड्यांचा एक डबाच घेऊन. कांहीं पुड्यांत शेवंतीचीं वाळलेलीं फुलें होतीं. चीन देशांत त्यांचा चहा करून पितात. कांहीं पुड्या पाय शेकण्याच्या पाण्यांत टाकावयाच्या होत्या. त्यांत सुंठ व आपल्या दवण्याच्या कुळांतील एक पाला होता. निजण्यापूर्वीं ऊन पाण्यांत पाय बुडविण्याची चाल तिकडेही जुनीच आहे. “अग, शेवंती देवाला वाहावयाची कीं प्यावयाची?” म्हणून आत्याबाई हंसल्या खऱ्या, परंतु त्या डब्यावर त्यांची श्रद्धाही तत्काळ बसली.

त्यांत नवल तरी काय? ‘चहा’ हा शब्दच मुळीं चिनी. आणि शार्ङ्गधरानें औषधी वनस्पतींच्या ज्या पांच कृती सांगितल्या आहेत, अंगरस, कल्क, काढा, हिम व फांट, त्यांत उकळतें पाणी ओतून, मुरवून गाळलेला तो फांट. तेव्हां शेवंतीचा चहा हा जातीनें फांटच! परका पाहुणा घरचाच निघाला, अशा समजुतीनें आम्हीही निर्धास्त राहिलों.

आत्याबाईंस मधुमेह जडून सतरा वर्षें झालीं होतीं. पायांस मुंग्या येतात, पाय बधिर वाटतात, असें त्या मधून मधून म्हणत. आणि ‘वय झालें’ एवढें बोलून आम्ही तो विषय सोडून देत असूं. एके रात्रीं सर्व मंडळी निजल्यावर त्यांनीं स्वतःच पाणी तापविलें, त्यांत पुडी टाकली आणि पाय सोडले. पाणी हातास सोसण्याजोगें नव्हतें. परंतु हात घालून पाहिलाच नाहीं, आणि पायांनीं कांहीं सांगितलें नाहीं. सकाळीं आमच्या सूनबाईंस फरशीवर ओले ठसे दिसले. पाहतात तों दोन्ही तळव्यांस मोठाले फोड येऊन ते फुटलेले!

पुढें सहा आठवडे मलमपट्टी चालली. डॉक्टरांनीं आम्हांस स्पष्ट सुनावलें: मधुमेहानें पायांतील मज्जातंतू दुबळे झाले म्हणजे ऊन व थंड कळेनासें होतें. अशा मनुष्यानें पाय भिजत घालूंच नयेत. कोमट पाण्यानें धुवावे, तें पाणीही आधीं कोपरानें पाहावें, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्या आणि रोज तळवे निरखावे. पिण्याच्या पुड्यांवरील मजकूर चिनी. घरांत तो वाचणारें कोणी नव्हतें. “यांत ज्येष्ठमध आहे का, हें पाहिलेंत का?” या त्यांच्या प्रश्नास आम्ही निरुत्तर झालों. चिनी मिश्रणांत ज्येष्ठमध फार वापरतात, आणि तो फार दिवस पोटांत गेला तर रक्तदाब वाढतो. आत्याबाईंस तोही विकार आहेच.

दोष चीनचा, असें मात्र कोणी समजूं नये. 2020 सालीं करोनाच्या सांथींत आयुष मंत्रालयानें तुळस चार भाग, दालचिनी व सुंठ प्रत्येकीं दोन भाग आणि मिरीं एक भाग असा काढा सुचविला होता. मात्रा दिवसांतून एकदां किंवा दोनदां. आमच्या घरीं तो चार वेळां होऊं लागला आणि मिरीं अंदाजानें पडूं लागलीं. पंधरा दिवसांत निम्म्या मंडळींचीं तोंडें आलीं व छातींत जळजळ सुरू झाली.

वास्तविक अशा उतावळेपणास आपल्या शास्त्रानें कधींच मान्यता दिलेली नाहीं. सरत्या ऋतूचे शेवटचे सात व येत्या ऋतूचे पहिले सात, अशा चौदा दिवसांत जुना आहारविहार हळूहळू सोडावा व नवा हळूहळू धरावा, असें वाग्भट सांगतो. अंगवळणीं पडलेलें अपथ्य सोडणें तेंही पादापादानें. पाद म्हणजे चतुर्थांश. अभ्यंगांत मस्तक, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यावें असें म्हणणारा हाच ग्रंथकार, अजीर्ण असतां अभ्यंग नको, असेंही बजावतो. उपाय सांगतांना तो कोणास चालेल व कोणास नाहीं, हेंही तेथें सांगितलेलें असतें. आपण पहिला भाग पाठ करतों व दुसरा विसरतों.

परंतु आमच्या मनास खरी टोंचणी निराळीच आहे. “आम्हांस हांक कां मारली नाहीं?” असें विचारतां आत्याबाई म्हणाल्या, “सगळीं दमून निजलेलीं. माझ्या पायांसाठीं कोणास उठवूं?” घरांत अकरा माणसें! ज्यांनीं आमच्या आईच्या आजारपणांत तिच्या तळव्यांस तूप लावून कांशाची वाटी घासली, ज्यांनीं आमच्या तापांत रात्रीच्या रात्री उशाशीं बसून काढल्या, त्यांना स्वतःसाठीं एक हांक मारण्याचा संकोच वाटावा, हें एकत्र कुटुंबाचा अभिमान मिरविणाऱ्या आम्हांस शोभलें नाहीं.

घंगाळ आतां माळ्यावर आहे. जखमा भरल्यावर आम्हीं डॉक्टरांस विचारून नवा क्रम घातला. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं सूनबाई किंवा आम्ही दिव्याजवळ बसून आत्याबाईंचे तळवे पाहतों व बेचक्या सोडून हलक्या हातानें तेल लावतों. पहिल्या रात्रीं आम्ही बसलों तेव्हां त्यांनीं पाय ओढून घेतले. “अरे, पुरुषमाणूस तूं, माझ्या पायांना कसला हात लावतोस?”

“आत्याबाई, आमचे पाय तुम्ही किती वर्षें धुतलेत?” आम्हीं विचारलें. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पाय मात्र पुढें केले.

हल्लीं नवाचा सुमार झाला आणि कोणी आलें नाहीं, तर त्या स्वतःच हांक मारतात.